फॅशन आणि मांडव: साम्य खरंच आहे की मीच ओढूनताणून जोडतेय?

चुणीदार:
फॅशन डिझाइनचं तिसरं वर्ष, सेमिनारला विषय आलाय फॅशन आणि तात्पुरतं बांधकाम यातलं साम्य. नेटवर जिकडेतिकडे तेच, कपडा म्हणजे दुसरी त्वचा आणि घर म्हणजे तिसरी, वाचून झोप येते. डिझायनर हुसेन चलायानचा २००० चा लंडनचा फॅशन शो तेवढा भारी वाटला, त्यात मॉडेल्स खुर्च्यांची कव्हरं काढून अंगात घालतात, खुर्च्यांच्या सुटकेस होतात आणि मधलं गोल लाकडी टेबल एकजण कमरेपर्यंत ओढून स्कर्ट करते. घर सोडून पळावं लागणाऱ्या माणसांवर होता तो. पण आपल्याकडचं काही सापडेना, कुणाला सुचतंय का?

बांबूवाला:
ताई आमचा डेकोरेशनचा धंदा आहे, वडिलांपासून. छताचं कापड आम्ही कधीच कापत नाही. जागा बारा फूट असो नाहीतर अठरा, कापड तेच, लहान जागेत चुण्या दाट घालायच्या, मोठीत विरळ. एकदा मापाने कापलं की ते त्याच मांडवाचं झालं, पुढच्या लग्नाला काय लावू? बांबूला पण खिळा नाही, चिरतो, म्हणून बांधायचं. नवीन पोरगं जोर लावून गाठीवर गाठ मारतं आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दाताने सोडवत बसतं, त्यात मधे पाऊस झाला असेल तर भिजलेली सुतळी अजूनच आवळलेली असते 😄

निऱ्यावाली:
अहो ही तर नऊवारीच झाली की! नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर सलग कापड, माझ्या सासूबाई काडीसारख्या, मी अशी, तरी त्यांचं लुगडं मला बसतं, निऱ्या कमी घ्यायच्या एवढंच. मागे हौसेने शिवलेली नऊवारी घेतली, दोन मिनिटांत चढायची, पण दोन वर्षांत मीच वाढले आणि आता ती कुणालाच होत नाही, उसवून परत साडी पण होत नाही.

लाइन_आणि_लेव्हल:
आर्किटेक्ट आहे. वरचे दोन्ही मुद्दे सेमिनारला पुरेसे आहेत खरं तर. २०२१ ला पॅरिसची आर्क द त्रिओंफ ही कमान १६ दिवस कापडात गुंडाळली होती, क्रिस्तो या कलाकाराचा आराखडा (तो आदल्या वर्षीच गेला), २५,००० चौरस मीटर कापड आणि ३,००० मीटर लाल दोरी. दिसायला पदर घेतल्यासारखं, पण ते सगळं त्या कमानीच्या मापाने शिवलेलं, म्हणजे शिवलेली नऊवारीच, दुसरीकडे कुठे लावणार, मग रिसायकलला. उलट आपले आर्किटेक्ट बिजॉय जैन यांनी २०१६ ला मेलबर्नला मंडप केला, ७ किलोमीटर बांबू, २६ किलोमीटर दोरी आणि छताला आपल्या सह्याद्रीतली कारवी, कुडाच्या भिंतीला वापरतात तीच. तो मंडप नंतर तिथल्या प्राणिसंग्रहालयात हलवला.
फक्त एक, साम्य फार ताणू नकोस. निरी सुटली तर फजिती होते, वाऱ्याने मांडव सुटला तर माणसं मरतात.

चुणीदार:
बाप रे हे मस्तच आहे सगळं. पण मॅडम विचारणार की साडी आणि मांडव ही परंपरा झाली, यात फॅशन कुठंय?

बांबूवाला:
गोडाऊनला ये, दाखवतो. मरून-सोनेरी कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे पडून आहेत, एक चीर नाही कुठे, पण आता जो तो फोनवर फोटो पाठवतो आणि ऑफ-व्हाइटच पाहिजे म्हणतो. न कापून काय उपयोग झाला सांग. आणि आर्किटेक्ट साहेब बरोबर बोलले, वाऱ्याच्या बाजूची कनात आम्ही पूर्ण बंद करत नाही, शिडासारखी फुगते.

चुणीदार:
दादा मांडव घालताना येऊ का बघायला?

बांबूवाला:
घालताना नको, सगळे घाईत असतात, ओरडतील. विसर्जन झालं की ये, गाठी सोडायला माणसं कमीच पडतात.