मदत हवी आहे: विळी आणि सुऱ्यांना घरी धार लावायला डायमंड प्लेट कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी,
घरची विळी आणि दोन सुऱ्या घरीच पाजवायच्या आहेत, त्यासाठी डायमंड प्लेट (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली धातूची सपाट पट्टी) घ्यायचं ठरवलंय, पण पंधरा दिवस ऑनलाइन बघून बघून डोकं भणभणायला लागलंय म्हणून शेवटी इथे विचारतेय.

थोडं मागचं सांगते. आईला संधिवात आहे, अंगठे आणि मनगटं जास्त दुखतात. तरी भाजी ती विळीवरच चिरणार, सुरी तिला चालत नाही, आणि विळी बोथट झाली की सुरण, लाल भोपळा असलं काही चिरताना दोन्ही हातांनी रेटावं लागतं आणि मग रात्री शेकत बसते. दिवाळीआधी दारावर चाकवाला आला होता त्याच्याकडे विळी दिली. त्याने ठिणग्या उडेपर्यंत घासली, पातं चांगलं दोन-तीन मिलिमीटर कमी झालं आणि टोकाकडे निळी झाक आली. बाबा टर्नर होते, ते बघताक्षणी म्हणाले, पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. खरंच तेवढा भाग आता आठ दिवसांत बोथट होतो. आजीच्या वेळची विळी आहे हो, गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून करून दिलेली, फार वाईट वाटलं.

घरात जुना कुरुंदाचा दगड आहे पण तो मधे खोलगट झालाय, सुरी त्यावर डुलते, कोन राहतच नाही. डायमंड प्लेट तशी खोलगट होत नाही, भिजवत ठेवायला लागत नाही, म्हणून तीच घ्यावी असं वाटतंय. आता प्रश्न असा की ४०० आणि १००० (हे खरखरीतपणाचे नंबर) अशी दोन बाजूंची एकच घेऊ का दोन वेगळ्या घेऊ, ३००० पण मिळतेय ती लागते का, आणि एका कंपनीचं ६०० आणि दुसरीचं ६०० हे सारखंच असतं का? आणि मुख्य म्हणजे ८ इंची मोठी प्लेट ओट्यावर ठेवून विळीला धार लावायची कशी, विळी तर पाटाला ठोकलेली! बजेट दोन-अडीच हजार. सुऱ्यांपैकी एक व्हिक्टोरिनॉक्सची आहे, दुसरी बाजारातली साधी स्टीलची.
– ओट्यावरची, नाशिक

लेथकाका:
ताई, बाबा बरोबर बोलले. निळी झाक म्हणजे ते टोक साधारण ३०० डिग्रीपर्यंत तापलं, पोलाद तिथे नरम पडलं. डायमंड प्लेटवर हाताने घासताना असं होत नाही, तेवढी उष्णता तयारच होत नाही.

नंबरांच्या मागे लागू नका. हे नंबर म्हणजे मेश, जितका मोठा तितके कण बारीक, पण तो मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे ६०० आणि ६०० सारखे असतीलच असं नाही. पाकिटावर मायक्रॉन (कणाचा आकार, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) लिहिलेत का बघा, तुलना त्याच्यावरच होते. उदाहरण म्हणजे डीएमटी कंपनीची निळी प्लेट ४५ मायक्रॉन, लाल २५, हिरवी ९. मायक्रॉन न लिहिता नुसतं ३००० छापलेली स्वस्त प्लेट मी तरी घेणार नाही. आणि ३००० तुम्हाला लागतही नाही. टोमॅटोची साल पकडायला धारेला थोडे दात हवेत, २५ मायक्रॉनला ते छान राहतात. तुमच्या कामाला ४५ आणि २५ च्या आसपासच्या दोन बास.

घेताना प्लेटवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा, खालून उजेड दिसला तर वाकडी आहे, परत द्या. एक मिलिमीटरची पातळ पत्र्यासारखी असेल तर सपाट लाकडावर चिकटवल्याशिवाय वापरू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोर लावायचा नाही. हिऱ्याचे कण निकेलच्या थरात बसवलेले असतात, दाबलं की उपटून निघतात, मग म्हणायचं प्लेट महिन्यात गेली. सुरीच्या स्वतःच्या वजनाहून थोडा जास्त दाब, एवढंच. नवी प्लेट सुरुवातीला फार खरखरीत लागेल, चार-पाच वेळा वापरल्यावर बसते. कोनाचं म्हणाल तर पातं ४ सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ साधारण १४ मिलिमीटर उचलली की २० अंश होतात. धारेला काळा मार्कर फासा, दोन घासे मारा, रंग कुठला गेला बघितलं की कोन चुकतोय का लगेच कळतं. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बारीक बर (धारेवर वळून आलेली पोलादाची खरखरीत कड) बोटाला लागली की मगच पलटा. बहुतेक लोक इथेच घाई करतात.

पाटवरवंटा:
विळीचं मी सांगते, माझ्या सासूबाईंची मीच पाजवते. मोठी प्लेट विसरा, ४ ते ६ इंची हातात मावणारी घ्या, म्हणजे सुऱ्यांनाही तीच चालते. विळी हलत नाही ना बघायचं, बाजूला बसायचं (समोर नाही!), आणि प्लेट धारेकडून पाठीकडे न्यायची, उलटी कधीच नाही, हात सटकला तर बोट जाईल. पात्याला गोलाई आहे तर मनगट त्याबरोबर फिरवत न्यायचं. जाड हातमोजे घाला. खवणीच्या दातांना प्लेट लावू नका, तिथे त्रिकोणी कानस लागते. झालं की प्लेट साबण आणि जुन्या टूथब्रशने धुऊन लगेच पुसायची, ओली ठेवली तर कडेने गंजते.

ओट्यावरची:
काका, ताई, दोघांचे मनापासून आभार. ६ इंचीच्या दोन घेतल्या, पाकिटावर मायक्रॉन लिहिलेल्या, पट्टी लावून बघूनच. बाबांनी सागाच्या फळीला खाच करून बैठक केली, सुऱ्यांसाठी. मार्करने कळलं की मी टोकाला येताना हात उचलत होते, ते सुधारायला दोन रविवार गेले. विळीला पहिल्या दिवशी बर यायलाच चाळीस मिनिटं लागली कारण चाकवाल्याने कोन फार उभा केला होता.

काल आईने अख्खा लाल भोपळा चिरला आणि हात शेकायला पाणी मागितलं नाही.

फक्त ते निळं पडलेलं टोक अजून लवकर बोथट होतंय. काका, तेवढाच भाग ४५ मायक्रॉनवर घासत राहिले तर आत चांगलं पोलाद लागेल का, का लोहाराकडून परत पाणी देऊन घेऊ?

लेथकाका:
आधी घासून बघा. पाणी परत द्यायचं तर पातं पाटावरून काढून अख्खं तापवावं लागतं आणि जुनं पोलाद तडकायची भीती असते. एक-दीड मिलिमीटर आत गेल्यावरही नरम लागलं तरच लोहाराकडे जा.