मदत हवी आहे: स्वीडिश दिग्दर्शक स्टेफान यार्लच्या माहितीपटांच्या त्रयीतला दुसरा भाग सुटा दाखवला तर चालेल का?

आमच्या छोट्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात स्वीडिश सिनेमा दाखवायचाय. कल्याणकारी राज्याच्या कडेला पडलेली माणसं, असा विषय. गॅब्रिएला पिक्लरचा ‘एता सोवा द्यो’ (2012) नक्की झालाय. दक्षिण स्वीडनच्या स्कोन भागातल्या खेड्यात सॅलडची पानं पॅक करणारी राशा, नोकरी गेली तरी बापासमोर ताठ उभी. पोरगी डोक्यातून जात नाही! ‘लिल्या फोरएव्हर’ (2002) बहुतेकांनी पाहिलाय, म्हणून तो नको.

जोडीला यार्लचा माहितीपट हवाय. स्टॉकहोमच्या केंटा आणि स्टोफे या दोन मित्रांवरची त्रयी 1968, 1979 आणि 1993 अशी पसरलेली आहे. तिन्ही दाखवायला वेळ नाही. मला मधला, हेरॉइनच्या काळातला हवाय. यूट्यूबवर तुकडे मिळाले, पण सबटायटल्स नाहीत. दोन ओटीटी पाहिले, तिथे नाही. पायरेटेड प्रत नको. प्रेक्षक वीसेक, तिकीट नाही, सबटायटल्स इंग्रजी चालतील.

पहिला भाग न पाहता दुसरा कळतो का, की आधी दहा मिनिटं बोलावं लागेल? आणि सबटायटल्सवाली डीव्हीडी किंवा प्रदर्शनाची परवानगी कुणी मिळवली असेल, तर कुठून?