फळं घातलेलं चिकन सॅलड: दुपारपर्यंत पाणी सुटतं, दही कडवट होतं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दुपारी जेवल्यावर झोप अनावर होते, म्हणून हल्ली डब्यात चिकन सॅलड नेतेय. उकडलेलं चिकन ब्रेस्ट, सफरचंद, द्राक्षं, ताजा अननस, त्यावर थोडं दही, थोडं मेयोनीज, मीठ-मिरपूड. सकाळी चव घेतली तर झकास लागतं. दुपारी डबा उघडला की तळाशी पाणी, सफरचंद काळवंडलेलं आणि दही चक्क कडू! दही ताजं असतं, डबाही फ्रिजमध्ये असतो.

चिकनची तर वेगळीच तऱ्हा. काही तुकडे दोरीसारखे चिवट आणि अननसाला चिकटलेले इतके मऊ की बोटाने दाबले तर पीठ होतं. एकाच भांड्यात शिजलेलं चिकन असं कसं वागतं?

रात्रीच करून ठेवलं तर चालेल का, तेही सांगा. "फळं घालूच नकोस" हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो कृपया नको :)

प्रतिसाद १

अननसाला पकडा, निम्मी तक्रार मिटेल. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. चिकन भुसभुशीत होतं ते त्यामुळे. दह्यातली प्रथिनंही ते तोडतं, आणि तुटलेल्या तुकड्यांची चव कडवट लागते. म्हणजे दही बिचारं निर्दोष. किवी आणि कच्ची पपईही याच जातीच्या. डबाबंद अननस मात्र खुशाल घाला. डब्यात भरताना तो तापवलेला असतो, त्यामुळे एन्झाइम निकामी झालेलं असतं. ताजाच हवा असेल तर फोडी आतपर्यंत गरम होतील अशा परता आणि गार करून घाला.

प्रतिसाद २

चिवटपणा खळखळून उकळल्याचा. चिकन गार पाण्यात घाला, मीठ, मिरी, तमालपत्र टाका आणि मध्यम आचेवर ठेवा. कडेने बारीक बुडबुडे दिसू लागले की आच कमी करा. पाणी नुसतं थरथरत राहिलं पाहिजे. जाड भागात थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सिअस दिसलं की लगेच बाहेर. नुसत्या रंगावर विसंबू नका. पूर्ण गार झाल्यावर धाग्यांना आडवं कापा, उभं कापलं तर कितीही नीट शिजवा, चिवटच लागेल. आणि कोमट चिकनवर मेयोनीज घातलंत तर तेल सुटून सगळं ओघळतं.

धागाकर्ती

अननस! त्याच्यावर शंकाच आली नव्हती. दोघांचेही आभार. पण तळाच्या पाण्याचं काय?

प्रतिसाद ३

मीठ फळातलं पाणी ओढून घेतं, त्यात पातळ दही. रात्री दही फडक्यात बांधून गाळणीवर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी घट्ट गोळा मिळेल. द्राक्षं पुसून कोरडी करा आणि अख्खीच टाका. सफरचंद चिरल्या चिरल्या लिंबाच्या रसात घोळवा, मग काळं पडत नाही. मीठ चिकनलाच लावा, फळांना नको.

रात्री चिकन शिजवून ठेवायला हरकत नाही, फ्रिजमध्ये ३-४ दिवस राहतं. मात्र शिजल्यावर २ तासांच्या आत आत गेलं पाहिजे. ड्रेसिंग वेगळ्या डबीत न्या, जेवताना कालवा.

जाता जाता, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलातलं १८९०च्या दशकातलं प्रसिद्ध सॅलड म्हणजे सफरचंद, सेलरी आणि मेयोनीज, बास. अक्रोडसुद्धा नंतर आले. तेव्हा एका डब्यात तीन-तीन फळं कशाला? एक आंबटगोड फळ आणि काहीतरी कुरकुरीत एवढं पुरतं.

धागाकर्ती

पटलं. उद्या फक्त सफरचंद आणि सेलरी. डाळिंबाचे दाणे चालतील का? घरात सोललेले पडलेत.

प्रतिसाद ३

चालतील, पण ड्रेसिंग कालवून झाल्यावर वरून पेरा. आधी घालून ढवळलेत तर दाणे फुटून चिकन गुलाबी होतं आणि बघणाऱ्याला ते कच्चं वाटतं.