'कंट्रोल कोड' म्हणजे 'नियंत्रण संकेत' का?

प्रश्न : कोबॉल या प्रोग्रामिंग भाषेतल्या बिलांच्या प्रोग्रामची माहितीपुस्तिका मराठीत लिहितोय. प्रिंटरला पाठवायच्या कंट्रोल कोडला (छापायचं अक्षर नव्हे, सूचना) 'नियंत्रण संकेत' आणि एन्कोडिंगला (अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीला) 'संकेतन' लिहिलं आहे. त्यातल्याच 'एस्केप' या कोडला कुठे कुठे 'पलायन' म्हणतात, ते पटत नाही. दुसरं काय सुचवाल?

उत्तर : 'पलायन' नकोच. एस्केप प्रिंटरला एवढंच सांगतो की पुढचं अक्षर छापायचं नाही, पाळायचं. ही छटा 'पलायन' किंवा 'सुटका'त येत नाही. 'एस्केप'च ठेवा, सगळे तेच म्हणतात.

माझी खरी हरकत 'संकेत'ला आहे. या एकाच शब्दात आज्ञा आणि तिचा आकडा दोन्ही कोंबले जातात, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. आस्की आणि एब्सिडिक ही दोन वेगळी एन्कोडिंगं. आस्कीत एस्केपचा आकडा दशमान २७, म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) १बी. एब्सिडिकमध्ये तोच एस्केप हेक्स २७! म्हणून 'संकेत २७' असं लिहिलंत तर वाचणारा दोन्हीपैकी काहीही समजेल. मेनफ्रेमवर, म्हणजे एब्सिडिक वापरणाऱ्या मोठ्या संगणकावर, प्रिंटरच्या पुस्तिकेतला १बी जसाच्या तसा लिहिला, तर वाटेत एब्सिडिकचं आस्की होताना त्याचं भलतंच काही होतं. मग पीसीएल या प्रिंटरच्या आज्ञाभाषेतल्या 'एस्केप ई'मधला 'ई' प्रिंटर पाळत नाही, कागदावर छापतो. मी स्वतः अशा एका 'ई'पायी दोन दिवस घालवले आहेत. दोष प्रिंटरचा नव्हता, आमच्या टिपणातल्या 'कोड' या शब्दाचा होता.

तेव्हा एस्केपसारख्या एकट्या चिन्हाला 'नियंत्रण-वर्ण', 'एस्केप ई' या जोडीला 'आज्ञा' आणि एन्कोडिंगला 'वर्णसंकेतन' म्हणा. नुसतं 'संकेतन' गुप्तलिपीकडे नेतं. आकडा आला की शेजारी हेक्स की दशमान आणि आस्की की एब्सिडिक, हे लिहाच.

आणखी एक : आज्ञेतल्या आकड्यालाही वेगळं नाव हवं. एप्सन प्रिंटरच्या 'एस्केप ३' या आज्ञेनंतरचा बाइट (० ते २५५ मधला एक आकडा) ओळींमधलं अंतर सांगतो. तो अक्षर नसून माप आहे. पण २०० हे माप अक्षर समजून यूटीएफ-८ या वर्णसंकेतनात गेलं की १९५ आणि १३६ असे दोन बाइट होतात. प्रिंटर १९५ हे माप धरतो आणि १३६ मजकुरात घुसतो. मी त्याला 'मापाचा बाइट' म्हणेन.

प्रश्नकर्ता : 'मापाचा बाइट' घेतो. पुस्तिकेत आता असं लिहितो : 'आज्ञेतल्या वर्णांचं रूपांतर होऊ द्या, मापाचा बाइट जसाच्या तसा पाठवा.' 'रूपांतर' चालेल ना?

उत्तर : चालेल. 'भाषांतर' मात्र नको. अर्थ तोच राहतो, बदलतो फक्त आकडा.