मोठ्या अंगाचा मिक्स कुत्रा पाळावा की नाही?

रानवारा:
एक चार महिन्यांचं पिल्लू घरी आणायचं चाललंय. आई लॅब्राडोर, बाप कोण ते कुणालाच माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, तीस किलोच्या पुढे सहज जाईल. घरातले दोघं म्हणतात, घ्यायचाच तर चांगल्या जातीचा घे, निदान काय पदरात पडणार ते कळतं. मला ते पटत नाही. जात शुद्ध राखण्यासाठी पिढ्यानपिढ्या नात्यातच जोड्या लावतात आणि त्यातून दोष पक्के होत जातात. मिक्स कुत्रा त्या मानाने काटक. तुमचं मत सांगा.

सावली:
असहमत. काटकपणाची गोष्ट अर्धीच खरी आहे. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २४ आनुवंशिक आजार तपासले. त्यातले १० शुद्ध जातीच्या कुत्र्यांत जास्त निघाले, १३ मध्ये काही फरक नव्हता आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मिक्समध्येच जास्त होतं. त्या १३ मध्ये हिप डिस्प्लेशियाही आहे, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार, आणि मोठ्या कुत्र्याला खरा त्रास होतो तो त्याचाच.

आमचा अडतीस किलोचा होता. अकराव्या वर्षी मागचे पाय गेले. पोटाखालून चादर घालायची, एक टोक नवऱ्याने धरायचं, एक मी, आणि एकेक पायरी उतरायची. रात्री दोनलासुद्धा. तो अंग चोरून आमच्याकडे बघायचा, जणू त्याचीच चूक आहे. लहान कुत्रा असता तर कडेवर घेतला असता. शिवाय लहान कुत्रे सहसा मोठ्यांपेक्षा जास्त जगतात, हेही मनात धरून ठेवा.

मोरपीस:
सावली, वाचून गलबलून आलं. पण "जातीचा घेतला की काय पदरात पडणार ते कळतं" या मुद्द्यावर मी रानवाराच्या बाजूने. २०२२ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांवरचा अभ्यास आला. एका कुत्र्याची वागणूक दुसऱ्यापेक्षा वेगळी असते, त्या फरकातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो. बाकी त्या त्या कुत्र्याचा पिंड आणि आपण लावलेलं वळण.

आणि वळण आत्ताच लावायचं. आठ किलोचं पिल्लू अंगावर उडी मारतं तेव्हा सगळे हसतात. तेच पिल्लू वर्षभराने म्हाताऱ्या माणसाला आडवं पाडतं. माझ्या कुत्रीने मांजर बघून हिसका दिला तेव्हा पट्टा तळहातातून सरकला आणि कातडी सोलून निघाली. दोष माझा होता, पट्टा ओढू नको हे मी तिला वेळेवर शिकवलंच नव्हतं.

सावली:
वळणाचं मान्य, पण वळणाने शरीर बदलत नाही. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट वायूने फुगून पीळ बसण्याचा धोका असतो. पोट टम्म, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, तडक दवाखाना. काही तासांत जीव जातो. तेवढ्या वजनाचं जनावर रात्री गाडीत कोण चढवणार, हे आधी ठरवा.

मोरपीस:
नसबंदीचंही डॉक्टरांशी नीट बोला. वीस किलोच्या पुढच्या मिक्स कुत्र्यांत ती वर्षाच्या आत केली तर सांध्यांचे विकार वाढतात, असं डेव्हिसच्याच २०२० च्या अभ्यासात दिसलं. आणि लवकर धष्टपुष्ट व्हावा म्हणून मनानेच कॅल्शियम सुरू करू नका. मोठ्या पिल्लांच्या हाडांना ते जास्त झालं तर बाधतं.

रानवारा:
कॅल्शियमची बाटली कालच आणली होती, ती देत नाही. सावली, तुमचा चादरीचा प्रसंग रात्री घरात वाचून दाखवला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. भाऊ बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "एक टोक मी धरेन." रविवारी पिल्लू आणतोय.

सावली:
मग आणा. जिना मात्र वाढ पूर्ण होईपर्यंत जपून, जमेल तितके दिवस उचलूनच न्या.