कोणते रिपोर्ट खरंच बघितले जातात, हे शोधायचं कसं?

आकडेमोड:
नमस्कार मंडळी. आमचे जुने रिपोर्ट एसएसआरएसवर (मायक्रोसॉफ्टचा रिपोर्ट सर्व्हर) आहेत आणि नवे पॉवर बीआयवर (त्यांचंच नवं रिपोर्टिंग सॉफ्टवेअर), दोन्ही मिळून सातशेच्या वर गेलेत. आता सर्व्हर बदलायचाय, त्याआधी यातले वापरात कोणते हे काढायचं काम माझ्याकडे आलंय. सगळ्या डिपार्टमेंटना मेल टाकून विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर तेच, "आमचे सगळे लागतात". यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं का? कोणी केलंय का हे?

क्वेरीवाली:
लगेच काही विकत घेऊ नका, हाताशी आहे ते आधी बघा. एसएसआरएसच्या डेटाबेसमध्ये एक्झिक्युशनलॉग३ नावाचा व्ह्यू (टेबलासारखी वाचता येणारी तयार क्वेरी) असतो, त्यात रिपोर्ट कोणी, कधी चालवला, डेटा आणायला किती वेळ गेला, कुठल्या फॉरमॅटमध्ये काढला, सगळं मिळतं. फक्त सेटिंग बदललं नसेल तर तो ६० दिवसांचंच ठेवतो, त्यामागचं पुसलं जातं, म्हणून आजच रोज आपोआप चालणारा एक जॉब लावा आणि रोजच्या ओळी स्वतःच्या टेबलात उचलून ठेवा. पॉवर बीआयची तर जास्तच घाई करा, अ‍ॅक्टिव्हिटी लॉग (कोणी काय उघडलं याची नोंद) एपीआयने, म्हणजे स्क्रिप्टमधून मागवून, काढला तर मागचे २८ दिवसच येतात, एका कॉलमध्ये एकच दिवस, तोही यूटीसीप्रमाणे (भारतीय नाही, जागतिक प्रमाणवेळ), आणि अ‍ॅडमिनचे राइट्स लागतात ते वेगळंच.

जुनाजाणता:
वरचं सगळं बरोबर, पण नुसते आकडे मोजू नका, आम्ही तिथेच चुकलो. एक रिपोर्ट रोज चालायचा म्हणून आमच्या यादीत सगळ्यात वर होता, नंतर रिक्वेस्ट टाइपचा (रिपोर्ट माणसाने चालवला की आपोआप चालला ते सांगणारा) कॉलम बघितला तर सगळ्या ओळी सबस्क्रिप्शनच्या, म्हणजे सर्व्हर आपला मेल पाठवतोय आणि तो मेल कोणी उघडतं का हे त्या लॉगमध्ये कळायला मार्गच नाही. शेवटी सबस्क्रिप्शन थांबवून बघितलं, महिनाभर एकाचाही फोन आला नाही.
आणि याच्या उलटही होतं. वर्षाअखेरीला एकदाच लागणारा एक रिपोर्ट आम्ही "शून्य वापर" म्हणून काढला आणि ऑडिटच्या वेळी अकाउंट्सवाल्यांचे अक्षरशः हाल झाले, मला अजून वाईट वाटतं त्याचं. शिवाय एक्सेलमध्ये काढून पुढे वीस जणांना पाठवणारा एखादा असतोच, लॉगमध्ये तो एकटाच दिसतो.

आकडेमोड:
हे सबस्क्रिप्शनचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. अजून एक, काही लोक नाराज आहेत की आमच्यावर लक्ष ठेवताय का म्हणून. नावं दाखवावीत का?

क्वेरीवाली:
नाही, आणि त्यांची नाराजी चुकीची नाहीये. युजरला डिपार्टमेंटच्या यादीशी जोडा आणि पुढे फक्त डिपार्टमेंटचा आकडा दाखवा, नाव आपल्या टीमपुरतं, तेही कोणाला फोन करून विचारायचं असेल तेव्हाच. पॉवर बीआयमध्ये युसेज रिपोर्टमधली नावं बंद करायचं सेटिंग अ‍ॅडमिनकडे असतं. वेगळ्या सॉफ्टवेअरचा विचार टॅब्लो, सॅप वगैरे दुसऱ्या सिस्टिमवरचे रिपोर्ट पण असतील आणि सगळं एका जागी बघायचं असेल तरच करा, दोनच सिस्टिमना एक टेबल आणि त्यावर एक रिपोर्ट पुरतो.

जुनाजाणता:
आणि डिलीट एकदम नको. आधी लपवा, आरडीएल फाइल (एसएसआरएस रिपोर्टची मूळ रचना असते ती) जपून ठेवा, वर्षअखेर जाऊ द्या, मगच काढा.