सिगारेटच्या पाकिटावरची फिल्म एवढी टाइट कशी बसते?

यंत्रवेडा: पाकिटावरची पारदर्शक फिल्म गोंदाशिवाय कशी काय चिकटते? आणि आतली सिगारेट मशीन एकेक करून वळते का?

जुना_फिटर: एकेक नाही हो, तंबाखूची लांबच लांब सळीच बनते, तिच्याभोवती कागद गुंडाळून जोडाला गोंद लागतो आणि फिरतं पातं सटासट तुकडे पाडतं, अमेरिकेच्या जेम्स बोनसॅकने १८८१ साली सिगारेट मशीनचं पेटंट घेतलं ते हेच, आता फास्ट मशीन मिनिटाला १०,००० च्या वर काढते.

पॅकिंगवाला: फिल्म बीओपीपीची, म्हणजे दोन्ही दिशांनी ताणलेल्या पॉलीप्रॉपिलीन प्लास्टिकची, वरचा थर उष्णतेने चिकटतो. हीटर जरा जास्त तापला की कोपऱ्याला सुरकुत्या, कमी पडला की घडी उघडते, डोक्याला ताप नुसता!

यंत्रवेडा: मग ती ओढायची पट्टी?

पॅकिंगवाला: आतून आधीच चिकटवलेली असते. फिल्मचं खरं काम ओलावा राखणं, तंबाखू सुकली की भुगा गळतो.